मोठ्याने वाच

गेल्या दसऱ्याला आजीला घेऊन पनवेलहून नागपूरला गेलो. दीक्षाभूमी तिने आजवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. गुडघे दुखत होते, तरी रांगेत खुर्ची नको म्हणाली.

तिथला स्तूप लांबून सांचीसारखा दिसतो. पण सांचीचा भरीव, हा आतून पोकळ. आत जाता येतं. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात याच जागी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दिली.

ऑफिसच्या कामासाठी कोपनहेगनला गेलो होतो, तेव्हा तिथेही धर्मांतराचं एक स्मारक पाहिलं होतं. १५३६ मध्ये डेन्मार्क ल्युथरन झाला, त्याचं. तिथे राजा तिसरा ख्रिश्चन याने बिशपांना अटक केली आणि देशाचा धर्म बदलला. वरून अपडेट आलं, सगळ्यांच्या मशीनवर चढलं.

नागपुरात हुकूम देणारा राजा नव्हता. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्यानंतर २१ वर्षं गेली. आणि त्या दिवशीही प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा म्हणावी लागली.

आजीचे वडील नागपूरला पोचू शकले नव्हते. दोन महिन्यांनी, ७ डिसेंबरला, ते दादरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला गेले. तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली. घरी आल्यावर त्यांनी देव टोपलीत भरले आणि खाडीत सोडले. आजी तेव्हा आठ वर्षांची होती.

आणि मी? नोकरीला सहा वर्षं झाली. कुणी आडनाव विचारलं की 'पनवेलचा' म्हणून विषय बदलतो. १४ एप्रिलच्या सुट्टीत काय केलंस, तर 'झोपलो'.

बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या स्तंभापाशी आजी थांबली. "मला दिसत नाही, तू वाच." आजूबाजूला गर्दी होती. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्याने वाच रे. माझ्या बापाने काय कानात सांगितलं होतं का?"

वाचल्या. सगळ्या बावीस. आजी मागून म्हणत होती. तिला पाठ होत्या.

परतताना टीमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'लाँग वीकेंडला कुठे?' मी 'फॅमिली फंक्शन' टाइप केलं. मग ते खोडलं. स्तूपासमोर उभ्या आजीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: दीक्षाभूमी, नागपूर.