दोनशे ताऱ्यांची आकाशगंगा

स्टेलारिस या खेळात आपलं साम्राज्य निवडून झालं की पुढच्या पानावर एक साधा प्रश्न येतो : आकाशगंगा केवढी हवी? दोनशे ताऱ्यांची, चारशेंची, सहाशेंची, आठशेंची की हजाराची? विश्व घडवायच्या आधी त्याचं माप विचारणारा हा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर मात्र माझा लॅपटॉप देतो. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रॅम आठ जीबी, आणि पडद्यावरची चित्रं रंगवायलाही त्यातलाच वाटा जातो. प्रोसेसर पातळ, हलक्या लॅपटॉपांत असतो तसा, कमी विजेवर भागवणारा. ऑफिसची पत्रं, मुलीच्या प्रवेशाचे फॉर्म आणि वीजबिल यांच्यासाठी घेतलेलं हे यंत्र. रात्रीची भांडी आवरली, दार लागलं, की मी त्याच्यावर दोनशे ताऱ्यांची आकाशगंगा उघडते.

दोनशे म्हणजे कमी वाटतात का? साताऱ्यात आमच्या गच्चीवरून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातून, एवढे तारे दिसले तरी ती रात्र चांगली म्हणायची. आणि हजार तारे घेतले म्हणून खेळ खऱ्या आकाशाच्या जवळ जातो असंही नाही. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. त्यांच्यापुढे दोनशे काय आणि हजार काय. तेव्हा मुद्दा खरेपणाचा नाहीच. एका माणसाच्या ओळखीत किती तारे मावतात, हा खरा मुद्दा आहे. माझ्या अनुभवाने सांगते, दोनशे मावतात. हजार मावत नाहीत. मोठ्या आकाशगंगेत माणूस रंगांचे पट्टे पाहतो, लहानीत तारे पाहतो.

खेळ सुरू होतो 1 जानेवारी 2200 ला. हाती एक ग्रह, थोडी लढाऊ जहाजं, एक बांधकामाचं जहाज आणि एक विज्ञाननौका. बाकी सगळा नकाशा अंधारा. ताऱ्याताऱ्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा तेवढ्या दिसतात. त्या रेषांवरूनच प्रवास करायचा. 2016 साली खेळ आला तेव्हा प्रवासाच्या तीन रीती होत्या, 2018 मध्ये बाकीच्या काढून ही एकच ठेवली, आणि मला तो बदल मनापासून पटलेला आहे. कारण रेषा आल्या तशी भूमी आली. कुठलातरी एक तारा असा निघतो की पलीकडच्या सगळ्या प्रदेशात शिरायची वाट त्याच्यातूनच जाते. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यासारखाच तो. तिथे ठाणं बांधलं की मागचा मुलूख निर्धास्त. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मला सगळ्यांत जास्त रमवते ती विज्ञाननौका. तिला एखाद्या ताऱ्याकडे पाठवलं की ती आधी तिथे पोचते, मग एकेक ग्रह घेते. ग्रहाजवळ जाऊन थांबते, नावाखालची हिरवी पट्टी हळूहळू भरत जाते. भरली की कळतं, इथे खनिज आहे, इथे ऊर्जा, इथे काहीच नाही. मग पुढचा ग्रह, मग त्याचा चंद्र. वेगवान संगणकावर ही पट्टी भरलेली दिसतसुद्धा नसेल. माझ्याकडे ती दिसते. मला तो ग्रह पाहायला वेळ मिळतो : त्याची कडी, त्याच्या काळोख्या बाजूवरून सरकणारी उजेडाची कड. सावल्या आणि चकाकी मी सेटिंगमध्ये बंद ठेवलेल्या असतात, तरीही ग्रह गोल असतो, फिरत असतो, आणि त्याच्या मागे त्याचा सूर्य असतो. याहून जास्त मला लागत नाही.

वसाहतींना नावं द्यायची मुभा आहे. अक्षरं रोमन टाकावी लागतात, पण नावं माझी. पहिल्या विज्ञाननौकेचं नाव नेहमी लीलावती. जिथे सगळं पाणीच पाणी, त्या ग्रहाला बामणोली. कोयनेच्या शिवसागराच्या काठावर उभं राहून ज्यांनी समोरचं पाणी पाहिलंय, त्यांना हे नाव का, ते सांगायला नको. पठारी, थंड ग्रहाला कास. एकदा बामणोलीवर दुष्काळ नाही पण अन्नाचा तुटवडा पडला आणि कासवरून पुरवठा वाढवावा लागला, तेव्हा त्या दोन ग्रहांची मी जी काळजी केली ती मनापासूनची होती. नाव दिलेल्या जागेची काळजी करावीच लागते.

आणि मग सापडतात ते अवशेष. या आकाशगंगेत आपण पहिले नसतो. आपल्या आधी होऊन गेलेल्या एखाद्या मोठ्या संस्कृतीच्या खुणा ताऱ्याताऱ्यांवर विखुरलेल्या असतात, आणि त्या एकेक करून गोळा करायच्या. व्हल्टॉम नावाच्या अशाच एका प्राचीन संस्कृतीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ते तारे ओलांडून गेले, सगळं त्यांना साधलं, आणि शेवटी त्यांची खात्री पटली की हे विश्व खरं नाही, कुणीतरी चालवलेलं गणित आहे. त्या खात्रीपायी त्यांनी सगळ्यांनी मिळून स्वतःला संपवलं. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येत असताना ही गोष्ट वाचली की अंगावर काटा येतो. त्यांचं म्हणणं खरंच होतं. तरीही बामणोलीच्या किनाऱ्यांची मला वाटणारी ओढ त्या गणितात कुठे लिहिलेली नाही, हे मला त्यांना सांगावंसं वाटतं.

हे सगळं वाचायचं असतं. स्टेलारिस हा युद्धाचा खेळ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा अर्धा जीव मजकुरात आहे. कृष्णविवरापासून सुरू होणारी एक लांब गोष्ट अलेक्सिस केनेडी यांनी लिहिली, ती 2016 च्या अखेरीस खेळात आली. ती समोर आली तर घाईने बटण दाबून पुढे जाऊ नये. स्पेसबार दाबला की सगळी आकाशगंगा थबकते, जहाजं जिथल्या तिथे राहतात, आंद्रेआस वाल्डेटॉफ्ट यांचं संगीत तेवढं चालू राहतं. त्या थांब्यात सावकाश वाचावं.

एका खेळात मी माणसं घेतली नव्हती, पक्ष्यांसारखी एक जात घेतली होती. सरहद्दीवर एक पिवळा तारा सापडला. नाव सोल. आठ ग्रह, त्यातला तिसरा निळा. म्हणजे आपलीच सूर्यमाला. खेळ ती कधीकधी अशी कुठेतरी ठेवून देतो, आणि तिथली पृथ्वी कोणत्या काळातली मिळेल ते सांगता येत नाही. कधी ती यंत्रयुगात, महायुद्धात असते. कधी अणुयुद्धाने जळून राख झालेली मिळते. माझ्या वाट्याला आलेली पृथ्वी जिवंत होती, नुकती अवकाशात डोकावू लागलेली. तिच्याभोवती निरीक्षणाचं ठाणं बांधता येतं. तिथून त्यांना ज्ञान देता येतं, त्यांच्यात घुसखोरी करता येते, किंवा नुसतं पाहत राहता येतं. मी नुसतं पाहायचं ठरवलं. अशा संस्कृती खेळात स्वतःच्याच अण्वस्त्रांनी नष्ट होऊ शकतात, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून माझं निम्मं लक्ष त्या ताऱ्यावर. शेजारच्या साम्राज्याने युद्ध पुकारलं तेव्हाही लढाईचा नकाशा सोडून मी मध्येच सोलकडे जाऊन येत होते. शेवटी त्या पृथ्वीने स्वतःचं स्वतः तारे गाठले आणि माझ्या हद्दीत एक लहानसं स्वतंत्र राज्य उभं राहिलं. तारा माझ्या ताब्यातून गेला. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या तोट्याने दिलेला नाही. हजार ताऱ्यांच्या गर्दीत तो पिवळा ठिपका मी इतका जपला असता का? मला नाही वाटत.

2300 च्या पुढे दिवस जड होऊ लागतात. कोपऱ्यातली तारीख आधी भराभर पळत असते, ती आता पाऊल मोजत चालते, आणि दर महिन्याच्या 1 तारखेला क्षणभर थांबते. त्या क्षणी सगळ्या साम्राज्यांचं उत्पन्न आणि खर्च जमेस धरला जात असतो. पुष्कळांना वाटतं की मोठं ग्राफिक्स कार्ड असतं तर हे झालं नसतं. तसं नाही. भार असतो तो प्रोसेसरवर. प्रत्येक ग्रहावरच्या लोकांना कुठलं काम मिळेल, ते समाधानी आहेत का, दुसऱ्या ग्रहावर जातील का, प्रत्येक ताफा कोणत्या वाटेने निघेल, हे सगळं त्यालाच सोडवायचं असतं. ते सोडवताना तो तापतो, आणि शंभर अंशांच्या आसपास पोचायला लागला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. यातून एक गोष्ट घडते, ती मला अजून नवलाची वाटते. खोली थंड असेल तर प्रोसेसरला जास्त वेळ जोर धरता येतो. म्हणून मार्गशीर्षात, खिडकी उघडी ठेवून बसलं की माझ्या आकाशगंगेतला काळ जरा झपाझप जातो. वैशाखात तीच शतकं रेंगाळतात. साताऱ्याच्या हवेवर कुठल्याशा दूरच्या ताऱ्यावरचे ऋतू हलतात.

साध्या यंत्रात आकाश मावतं, ही काही नवी गोष्ट नाही. 1984 साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ हा अवकाशातल्या व्यापाराचा खेळ केला. बीबीसी मायक्रो या ज्या संगणकावर तो चालायचा, त्याची मेमरी होती 32 केबी. आज मोबाईलवर आलेला एखादा फोटो त्याहून जड असतो. एवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत 256 तारे. ताऱ्यांची नावं, जागा, बाजारभाव, काहीच साठवून ठेवलेलं नव्हतं. एका बीजरूप संख्येतून गणिताने दर वेळी तेच तारे पुन्हा उमलायचे. त्या गणितातून 2 च्या 48 व्या घाताइतक्या आकाशगंगा निघू शकत होत्या, आणि त्यांचा विचारही तसाच होता. प्रकाशकांनी आठवर थांबायला सांगितलं. मला वाटतं, प्रकाशक बरोबर होते. अमर्याद आकाश दाखवलं की कुणी कुठेच थांबत नाही.

स्टेलारिस घडवणाऱ्या स्टॉकहोमच्या मंडळींनाही प्रोसेसरवरचा हा भार ठाऊक आहे. 2021 मध्ये त्यांनी नियम बदलला, साम्राज्याची लोकसंख्या वाढत गेली की नव्या वाढीचा वेग उतरेल असं केलं. मे 2025 मधल्या 4.0 आवृत्तीत माणसं सुटी सुटी न मोजता गटागटाने मोजायला घेतली. एवढ्या जुन्या खेळाचा पाया पुन्हा उकरायला हिंमत लागते, आणि त्यात माझ्यासारख्यांच्या यंत्रांचाही विचार आहे, याचं मला समाधान आहे. ताऱ्यांचं वेड महागड्या संगणकाच्या ऐपतीवर ठरू नये.

तेव्हा तुमच्याकडे साधाच लॅपटॉप असेल आणि मन धजत नसेल, तर एवढं करा. तारे दोनशे घ्या. शेजारी साम्राज्यं तीन-चारच ठेवा आणि राहण्याजोग्या ग्रहांचं प्रमाण खाली आणा. खेळ हलका होतो तो मुख्यतः या दोन गोष्टींनी. सावल्या बंद करा. खेळाच्या अखेरीस सगळ्या आकाशगंगेवर येणाऱ्या संकटाचं वर्ष सेटिंगमध्ये अलीकडे ओढून घ्या, म्हणजे दिवस जड व्हायच्या आत ते येऊन जाईल. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, खालची जाळी मोकळी राहू द्या. आणि पहिली शंभर वर्षं वेग वाढवून संपवू नका; बहुतेक अवशेष तेव्हाच सापडतात.