डब्यांची रांग

याह्याच्या ओटीपोटात बंदुकीची गोळी अडकली आहे आणि ती काढायला परवानगी लागते. परवानगी देणारा 'दरवाजा' बंद आहे. दरवाज्यासमोर रांग आहे आणि रांगेत याह्या उभा आहे. बस्मा अब्देल अझीझ या इजिप्शियन लेखिकेच्या 'अत्-ताबूर', म्हणजे 'रांग', या कादंबरीची गोष्ट एवढ्यात सांगून होते. अरबीत ती 2013 साली आली. एलिझाबेथ जॅकेट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2016 साली निघाला. तो मी वाचला आणि आमच्या वाचनगटात सगळ्यांना वाचायला लावला.

पहिली तक्रार गटातल्या सर्वांत लहान मुलाची. "काका, तुम्ही थरारक म्हणालात. गोळीचं तर सुरुवातीलाच कळतं. मग नुसती माणसं येतात आणि जातात. एकाचंही धड पुरं होत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. कादंबरी तुकड्यातुकड्यांनी पुढे जाते. सहा भाग आहेत. प्रत्येकाच्या तोंडाशी याह्याच्या इस्पितळातल्या फायलीतला एक कागद आहे आणि पुढे रांगेतली माणसं, दोन पानं हा, तीन पानं ती. 'खऱ्या नागरिकत्वाचा' दाखला मिळवायला आलेली इनेस नावाची शिक्षिका, नोकरी गमावलेला प्राध्यापक नागी, सगळं टिपून ठेवणारा एक पत्रकार. पण रांगेत उभ्या माणसाला तरी दुसरं काय मिळतं? पुढच्याची पाठ दिसते, मागच्याचं बोलणं कानावर पडतं, तेवढीच गोष्ट आपल्या वाट्याची. आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नसतं. ही कादंबरी सलग लिहिली असती तर ती दरवाज्याच्या आतून लिहिल्यासारखी झाली असती.

कैरोत एका बंद सरकारी इमारतीपुढे लेखिकेनं लांबलचक रांग पाहिली. काही तासांनी परतताना तीच माणसं तिथंच उभी होती आणि इमारतही तशीच बंद होती. घरी येऊन त्या सलग अकरा तास लिहीत बसल्या. त्या मनोविकारतज्ज्ञ आहेत. छळ सोसलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्या अल-नदीम केंद्रात त्यांनी काम केलंय. 2017च्या फेब्रुवारीत त्या केंद्राला सरकारनं सील ठोकलं. 2011चा तहरीर चौक ज्यांनी पाहिला, त्यांना कादंबरीतलं शहर ओळखायला नावाची गरज नव्हती, आणि नाव दिलेलंही नाही. त्या शहरात लोकांवर गोळ्या चालल्या त्या दिवसांना 'लाजिरवाण्या घटना' म्हणतात, आणि दरवाज्याचं म्हणणं असं की गोळ्या झाडल्याच गेल्या नाहीत. मग याह्याच्या पोटातून काढायचं काय? त्या मुलाला मी म्हटलं, थरार इथं आहे, बाळा. जखम आहे याचा पुरावाच जखमी माणसाच्या पोटात आहे, आणि तो बाहेर येऊ द्यायचा नाही.

गटातल्या बहुतेकांना आवडली ती उम्म मबरूक. ऑफिसात साफसफाई करणारी, संसाराच्या ओझ्यानं वाकलेली बाई. रांगेत आली आणि तिथंच चहा विकू लागली. वाचताना जीव निवतो. मलाही ती आवडली, आणि दुसऱ्यांदा वाचताना नेमका तिथंच मी अस्वस्थ झालो.

लहानपणी रॉकेलच्या दिवशी आई पहाटेच रेशन दुकानापुढे डबा ठेवून यायची. दुकान उघडायचं नऊला, कधी दहाला, कधी उघडायचंच नाही. माणसं घरी आणि डब्यांची रांग दुकानापुढे. आमच्या डब्याच्या कडीला आईनं लाल चिंधी बांधली होती. शाळेला निघेपर्यंत त्या चिंधीवर नजर ठेवायची, कुणी डबा मागे सारला तर ओरडायचं, हे माझं काम. तिथं गोट्या खेळलो, तिथं मित्र जोडले. शेजारच्या काकू तिथंच तांदूळ निवडत बसायच्या. अजूनही ती रांग आठवली की मला बरं वाटतं, आणि या पुस्तकानं त्या बरं वाटण्यावरच बोट ठेवलं. इतकं सुखाचं करून घेतलं आम्ही ते थांबणं, की दुकान वेळेवर का उघडत नाही हे विचारायला कुणी उरलंच नाही. आई थकून घरी यायची. ते मी तेव्हा पाहिलं नाही.

2016च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या तेव्हा वडील पंच्याहत्तरीला टेकले होते. तिसऱ्या दिवशी ते बँकेच्या पायरीवर चपला ठेवून सावलीला बसले. आजूबाजूला आणखी पाच-सात जोड मांडलेले. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

अमानीवरून मात्र भांडण झालं. ती याह्याची प्रेयसी. त्याच्या एक्स-रेच्या फिल्मसाठी इस्पितळात जाते, पकडली जाते आणि अशा काळोखात ठेवली जाते की जिथं आवाज नाही, भिंतही हाताला लागत नाही. बाहेर आल्यावर ती हळूहळू स्वतःला पटवते की गोळी नव्हतीच. एक गृहस्थ रागावले, म्हणाले, असल्या माणसांमुळेच सगळं चालतं. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका ताईंनी त्यांना थांबवलं. "ती खोटं बोलत नाहीये हो. दमलीय ती." एवढंच म्हणाल्या आणि पुढं बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात कोणता काळोख होता, ते मी विचारलं नाही.

सरकारी इस्पितळात नोकरी केलेली एक डॉक्टर आमच्यात आहे. ती सगळ्यात शेवटी बोलली. कादंबरीतला तारिक हा याह्याचा डॉक्टर. परवानगीविना गोळी काढायची नाही असा नियम, म्हणून तो काढत नाही, पण फाईल पुन्हापुन्हा उघडून बसतो. आपल्याकडे हा प्रश्न सुटलेला आहे, असं डॉक्टर म्हणाली. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून. तिला हे परीक्षेला होतं.

"आणि तरी एकदा मी थांबले होते," ती म्हणाली. "नवीन होते. मेडिकोलीगल केस होती. वरिष्ठ म्हणाले, आधी नोंद होऊ दे. मी पेन घेतलं. मुलगा समोर, आणि मी त्याच्या वडिलांना पत्ता विचारतेय, पिन कोडसकट."

तिच्या हातातल्या प्रतीत याह्याच्या फायलीच्या कागदांशीच तेवढ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. मधल्या माणसांची पानं कोरी.

त्या लहान मुलानंच विचारलं, "मग? त्याचं काय झालं?"

"वाचला," ती म्हणाली. "म्हणून मला कुणी काही विचारलं नाही."