गाणाऱ्यांचे हिशेब

गवयाने धंद्यात पडू नये, असे आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य मत आहे. पडलाच तर तो बुडणार हे आपण गृहीत धरतो, आणि तो बुडाला म्हणजे त्याच्या कलेविषयीचा आपला आदर थोडा वाढतोच. नफ्यात असलेला गायक आपल्याला किंचित संशयास्पद वाटतो. आमच्या घरी या मताला वेदवाक्याची प्रतिष्ठा होती. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून कलकत्त्यास आले आणि गार्डन रीचच्या कचेरीतूनच निवृत्त झाले. लहानपणी त्यांनी नागपुरास उतारवयातील बालगंधर्वांना ऐकले होते. गाण्याचा विषय निघाला की त्यांचा कंठ दाटून येई, पैशाचा निघाला की ते म्हणत, "गंधर्व कंपनी गालिच्यांनी बुडाली आणि अत्तरात वाहून गेली." आमच्याकडे हे वाक्य मुलांना पाढ्यांबरोबरच पाठ होत असे.

त्याच कचेरीत आज मी हिशेब तपासतो. इतरांनी केलेल्या खर्चावर 'आवश्यक' की 'अनावश्यक' असा शेरा मारणे हा माझा चरितार्थ आहे. त्यामुळे गालिच्यांची बाब मला नेहमीच जराशी खटकत आली होती. पण ती बाब उघडून पाहण्याचे निमित्त घडले ते अलीकडे. माझ्या भाच्याने मला कर्जाला जामीन राहण्यास सांगितले.

भाचा तेवीस वर्षांचा, पदवीधर, आणि चौघांच्या एका बँडमध्ये गिटार वाजवणारा. ज्या प्रकारचे संगीत ही मुले वाजवतात त्याला पॉप-पंक म्हणतात. 1970 नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत पंक नावाचा एक उद्धट, तीन-चार स्वरमेळांवर भरधाव धावणारा प्रकार निघाला. त्याला कोणालाही गुणगुणता येईल अशी चाल जोडली म्हणजे पॉप-पंक झाले. मला त्यातले सगळेच आवडते असे नाही. पण मुले मनापासून वाजवतात आणि तालाला पक्की आहेत, एवढे मी शपथेवर सांगेन. त्यांना ध्वनिमुद्रणासाठी एक खोली उभारायची होती आणि जोडीला बँडच्या नावाचे शर्ट छापून विकायचे होते. रक्कम चार लाख. कर्ज देणाऱ्यांना नियमित पगाराचा जामीनदार हवा होता; आणि केंद्र सरकारच्या कारकुनाइतका नियमित पगार या जगात दुसऱ्या कोणाचा असतो?

"मामा, तुमची सही झाली की बाकी सगळं होतं," असे तो म्हणाला. आणि त्याने मला ट्रॅव्हिस बार्करची गोष्ट सांगितली.

हा बार्कर म्हणजे अमेरिकेतील 'ब्लिंक-182' या बँडचा ढोलवादक. त्यापूर्वी कॅलिफोर्नियात एका गावी कचरा उचलण्याची नोकरी त्याने केली होती. 1998 मध्ये तो या बँडमध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांची तबकडी लाखांनी खपली, आणि त्याच वर्षी, म्हणजे 1999 मध्ये, त्याने 'फेमस स्टार्स अँड स्ट्रॅप्स' या नावाने पट्टे आणि कपडे विकण्याचा व्यवसाय काढला. 2004 मध्ये त्याने स्वतःची तबकड्यांची कंपनीही स्थापन केली. 2008 मध्ये उड्डाणाच्या क्षणी विमानाला अपघात होऊन चार जण गेले; दोघे वाचले, त्यांत हा एक, भयंकर भाजलेला. तो बरा झाला आणि पुन्हा वाजवू लागला. या साऱ्यात मला विशेष वाटले ते हे की यश आले त्याच वर्षी या माणसाने शर्टाची दुकानदारी मांडली, आणि ती बँडच्या वहीत न मांडता वेगळ्या नावाने, वेगळ्या वहीत मांडली.

भाच्याला अमेरिका आठवली यात नवल नाही. मला मात्र आमच्याच गार्डन रीचची आठवण झाली. येथील मटियाबुर्ज भागात 1856 साली अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह येऊन राहिला, तो 1887 मध्ये मृत्यू येईपर्यंत. सरकारकडून वर्षाला बारा लाख रुपये तनखा मिळे आणि तो सारा गवई, नर्तक, शिंपी, पतंगबाज, आणि पिंजऱ्यांतल्या वाघ-पाखरांवर उधळला जाई. ठुमरीला या वस्तीत घर मिळाले. हिशेबाच्या दृष्टीने पाहता हा व्यवसाय नव्हेच; एकाच्या तनख्यावर शेकडोंचे पोट चालत होते, आणि तो एक गेल्यावर सारा कारखाना मोडून गेला. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेमुळे आमच्यासारखी वऱ्हाड-नागपूरची बिऱ्हाडे इकडे लोटली, ती कंपनीही 1887 मध्येच स्थापन झाली, हा योगायोग मला आमच्या कचेरीसमोरून जाताना पुष्कळदा आठवतो.

तो कारखाना मोडण्याच्या चार वर्षे आधी, 1883 मध्ये, मलकाजान नावाची गायिका बनारसहून कलकत्त्यास आली आणि तिने नबाबाच्या दरबारात जम बसवला. तिच्याबरोबर दहा वर्षांची मुलगी होती. तीच गौहरजान. तनखा देणारा गेला, तेव्हा त्याच्या जागी जे यंत्र येणार होते ते या मुलीने इतर कोणाहीपेक्षा आधी ओळखले. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि हॉटेलातल्या खोलीत त्याने तिचे गाणे मुद्रित केले. एका बैठकीचे तीन हजार रुपये तिने मागितले आणि घेतले. जे ख्याल-ठुमरी तासभर चालत ते तिने तीन मिनिटांत कापून बसवले. आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तेथील कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे म्हणून ही युक्ती होती. पण घरोघरी तबकडी वाजू लागल्यावर ते नाव म्हणजेच मालाचा छाप झाले. सहाशेच्या आसपास गाणी, दहा-बारा भाषा. तिचे चित्र काडेपेटीवर आले.

एवढी चतुर बाई. तरीही कलकत्त्यातील तिची वैभवाची वर्षे कोर्टकचेऱ्यांत संपली. गाण्याने तिला दगा दिला नाही. ज्याच्या हाती विश्वासाने कारभार आणि कागद सोपवले त्याच्याशीच मालमत्तेवरून खटले लढावे लागले. 1928 मध्ये तिने म्हैसूर दरबारची चाकरी पत्करली आणि 1930 च्या जानेवारीत ती तेथेच वारली.

आता गालिच्यांकडे वळतो. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 चा. गौहरजानचीही जन्मतारीख 26 जूनच, पंधरा वर्षे आधीची. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण नोंद करण्याची सवय आहे. 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा जो रंग भरला, तो मराठी रंगभूमीला नवा होता आणि आमच्या इकडच्या कोठ्यांना जुना होता. त्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. 1913 मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. 1916 चे 'स्वयंवर', 1919 चे 'एकच प्याला'. त्या काळात ही कंपनी म्हणजे मराठी मुलखातील एक मोठा व्यवसाय होता.

नाटक कंपनीचा जमाखर्च कसा असे ते आज कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. पदरी बाळगलेले नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, पाणके. या सर्वांचे जेवण आणि मुक्काम कंपनीकडे. प्रयोग असो नसो, चुली पेटतच. गावोगावचे थिएटरचे भाडे, रेल्वेचे भाडे, पावसाळ्यातले रिकामे आठवडे. जमेच्या बाजूस तिकिटांखेरीज जवळजवळ काही नाही. अशा वहीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर हे खर्चाचे आकडे पाहून कोणताही तपासनीस लाल शाई उचलील. मी उचलणार नाही. लोक रात्र-रात्र बसून 'वन्स मोअर' देत ते या गाण्याला, आणि हे गाणे या साथीवाचून तसे झाले नसते. तो खर्च कच्च्या मालाचा आहे. अत्तर, जरीचे शालू आणि गालिचे यांविषयीही माझे मत फारसे निराळे नाही. प्रेक्षकाने जो स्वर्ग विकत घेतला त्याची ती लाकडे आणि खिळे होते.

आजोबांच्या वाक्याला सर्वांत मोठा अडथळा पुढेच आहे. भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि 1921 च्या सुमारास कंपनी एकट्या बालगंधर्वांच्या माथी आली, तेव्हा तिच्यावर लाखाहून अधिक कर्ज होते. त्याच वर्षी केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. आणि ते लाखावरचे कर्ज पुढच्या सुमारे सात वर्षांत केवळ प्रयोग करून फेडले गेले! जो व्यवसाय असे कर्ज फेडतो त्याला बुडीत म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

मग कमी पडले ते कोठे? एक तर त्या काळच्या स्त्रिया बालगंधर्वांसारखे पातळ नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या, गजरा माळू लागल्या. पुण्या-मुंबईचे किती कापडवाले त्यावर तरले असतील! रंगमंचावरून जो माल ते रोज रात्री दाखवीत होते, त्याचे बिल दुसरेच कोणी फाडीत होते. बार्करने पहिल्याच वर्षी जे ओळखले ते येथे कोणी ओळखले नाही. ओळखले असते तरी 'देवा' म्हणून लोकांशी बोलणाऱ्या त्या माणसाने शालूचे दुकान काढले असते असे मला वाटत नाही. दुसरे कारण काळाचे. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात राजा झाले होते स्वतः गोविंदराव टेंबे. स्त्रिया पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या. 1935 मध्ये बालगंधर्व 'प्रभात'शी भागीदारी करून 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, आणि एका चित्रपटानंतर ती भागीदारी संपली. समोर प्रेक्षक नाही, 'वन्स मोअर' नाही. मापून दिलेल्या मिनिटांत गायचे. जे गौहरजानला 1902 मध्ये साधले ते सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना जड गेले असल्यास दोष कोणाला द्यावा?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नारायणराव आणि कंपनी यांच्यामध्ये भिंत नव्हती. कंपनीचे देणे ते त्यांचे देणे. दिवस फिरल्यावर ते देणे त्यांच्या घरात शिरले. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, 1967 च्या जुलैत ते गेले, आणि त्यांच्या नावाचे पुण्याचे रंगमंदिर 1968 मध्ये उघडले. सन्मानाचे पैसे सावकाराला चालत नाहीत.

हे सारे मी भाच्याला दोन रविवार समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे सही करणार की नाही?"

मी सही केली नाही. जामीन म्हणजे तीच पाडलेली भिंत. त्यांचे गाणे न चालले तर ते देणे माझ्या मुलीच्या शिक्षणात शिरणार. निर्णयात माझ्यापेक्षा पत्नीचा वाटा अधिक. ती म्हणाली, "अहो, सही नको. हातातले पैसे द्या. गेले तर एकदाच जातील." आम्ही घराच्या रंगकामासाठी ठेवलेले साठ हजार त्याला दिले, परत मागणार नाही असे सांगून. अटी दोन घातल्या: शर्टांची वही आणि गाण्याची वही निराळी, आणि बँडच्या नावाची नोंदणी चौघांच्या नावे. साथीला चांगला ध्वनिमुद्रक मिळत असेल तर त्याच्या पैशात घासाघीस करू नये, हेही सुचवले. ती अट नव्हे.

ताईला हे आवडले नाही. सख्ख्या भावाने सही नाकारावी आणि भीक घातल्यासारखे पैसे द्यावेत, हे तिला लागले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच गेलो. तिने घेतला, पण 'गोड बोला' म्हटले नाही. अजूनही ती माझ्याशी मोजकेच बोलते. तिच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता.

मुलांनी मटियाबुर्जमध्ये एका शिवणकारखान्याच्या माडीवर खोली घेतली आहे. नबाबाच्या शिंप्यांचा हा मोहल्ला आता तयार कपड्यांचा मोठा बाजार आहे, आणि शर्ट खालच्याच मजल्यावर शिवून मिळतात. भाचा दर महिन्याला मला दोन्ही वह्या दाखवतो. गेल्या महिन्यात शर्ट एक्केचाळीस गेले; गाण्यांचे तीनशे बारा रुपये आले. खालच्या यंत्रांचा आवाज मुद्रणात उतरतो म्हणून ते रात्री दहानंतर गातात. शनिवार-रविवारच्या हाटासाठी शुक्रवारी मात्र यंत्रे पहाटेपर्यंत चालतात. त्या रात्री बँडला सुट्टी असते.