साडेसत्तावीस हजारांचा डबा

मे महिन्यात बाबांनी व्हॉट्सॅपवर एक फोटो पाठवला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि बाबांचं अर्धं डोकं. स्क्रीनवर सूचना होती की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला अपडेट मिळणार नाहीत. खाली बाबांचा मेसेज : 'हा पण रिटायर होणार काय?'

बाबा स्वतः २०१९ मध्ये रिटायर झाले. एसटीत ड्रायव्हर होते. आता चिपळूणच्या घरी, याच कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी टाइप करत ते स्वतःचे आणि जुन्या सहकाऱ्यांचे पेन्शनचे अर्ज लिहितात. संध्याकाळी यूट्यूबवर नमन बघतात. मी ऐरोलीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हटलं, नवाच घेऊ. बाबांचं उत्तर आलं, 'ह्याला काय झालंय?'

खरं तर काहीच झालं नव्हतं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि आमचा चौथ्या पिढीचा. एवढाच त्याचा गुन्हा. नोंदणी केली की विंडोज १० ला आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट मिळतात, त्यानंतर लिनक्स टाकता येतं. म्हणजे मशीन टिकवायचं ठरवलं तर टिकत होतं. आणि मला त्याच मशीनवर एक जुना हिशेब चुकता करायचा होता. त्या डब्यावर मला जीटीए ५ खेळायचा होता.

*

हिशेब २०१४ चा. बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि आम्ही दोघं रातराणीने मुंबईला निघालो. गाडीतच मी बाबांना सांगून टाकलं की कॉलेजात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर असतं आणि त्याला ग्राफिक कार्ड लागतं. हे खोटं होतं. जीटीए ५ पीसीवर येणार अशी घोषणा नुकतीच झाली होती, हे खरं होतं.

सकाळी गिरगावात आत्याकडे अंघोळ, चहा-चपाती आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण रॅम घ्यायला कुणी भडकमकर मार्गावर जात नाही. दुकानदाराने एका चिठ्ठीवर यादी केली. आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर, कॅबिनेट. आणि ग्राफिक कार्ड, २,९०० रुपये. मी पाणी प्यायला बाहेर जाऊन आलो, तोवर शेवटच्या ओळीवर काट मारलेली होती. बाबा म्हणाले, "बजेटमध्ये नाय बसत."

एकूण साडेसत्तावीस हजार झाले. परतीच्या गाडीत मी पनवेलपर्यंत बाबांशी बोललो नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये गेम आला. माझ्यापर्यंत तो कसा आला ते विचारू नका. ८०० बाय ६०० रिझोल्युशन, सगळ्या सेटिंग तळाला, आणि सेकंदाला जेमतेम पंधरा फ्रेम. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेमने चालतो, गेमला किमान तीस तरी हव्यात आणि साठ असतील तर लोण्यासारखं चालतं. पंधरा म्हणजे लग्नाचा अल्बम चाळणं. गाडी वळवायचा निर्णय मी घ्यायचो आणि तिने भिंतीला धडक दिल्यावर मला ते दिसायचं. आठवड्याभरात डिलीट केला.

ही गोष्ट मी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितली. हॉस्टेलवाल्या मित्रांना, नोकरीत पहिल्या टीमला, एका मुलीला पहिल्यांदा भेटलो तेव्हा. 'आमच्याकडे ग्राफिक कार्डला पैसे नव्हते.' ऐकणाऱ्याला वाईट वाटायचं, मला बरं वाटायचं. मी कुठून कुठे आलो हे एका वाक्यात सांगून व्हायचं.

*

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. दोन दिवस आई-बाबांचा फोन लागला नाही. त्या दोन दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. चौथ्या दिवशी पोहोचलो तेव्हा दारात चिखल होता, फ्रिज आडवा पडला होता, मॉनिटर आणि टेबल ओळखू येत नव्हतं. आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते. त्यांनी वर नेलेल्या वस्तू एका कोपऱ्यात मांडल्या होत्या. देव्हाऱ्यातले देव, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, आईचा डबा आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट.

"माझा मिक्सर राहिला खाली," आई म्हणाली, "आणि हे डबडं आणलंन वर."

बाबांना विचारलं, तर म्हणाले, "हाताला लागलं ते उचललं." ते खरं नव्हतं. कॅबिनेटला मागून सहा वायरी असतात. हाताला लागलं म्हणून ते उचलता येत नाही. एकेक वायर काढावी लागते.

*

तर यंदाच्या गणपतीला मी बॅगेत कपड्यांपेक्षा जास्त पार्ट घेऊन घरी गेलो. महिनाभर आधी याद्या केल्या होत्या.

जुनं मशीन अपग्रेड करताना पहिला प्रश्न असतो, नक्की अडतंय कुठे? त्याला सगळे बॉटलनेक म्हणतात. बाबांना समजावताना मी सांगितलं की हायवे कितीही रुंद केला तरी परशुराम घाटात दरड पडली की सगळ्या गाड्या तिथेच थांबतात. बाबा म्हणाले, "मग घाट आधी कर." अपग्रेडचं अख्खं शास्त्र एवढंच आहे. आणि एक घाट मोकळा केला की पुढचा कळतो, हा त्याचा दुसरा नियम.

कॅबिनेट उघडलं. पंख्याशेजारी कुंभारणीने मातीचं सुबक घर बांधलं होतं. ते काढलं, ब्रशने धूळ झाडली आणि कामाला लागलो.

पहिला घाट हार्ड डिस्क. तिच्या जागी ५०० जीबीची एसएसडी, २,८०० रुपये. मशीन सुरू व्हायला तीन मिनिटं लागायची, आता वीस सेकंद. कुणाच्या घरी जुना कॉम्प्युटर रखडत असेल आणि एकच गोष्ट बदलायची असेल, तर ही बदला. दुसरा घाट रॅम. एच८१ बोर्डला दोनच खाचा असतात आणि एकूण १६ जीबी चालते. आठ-आठच्या दोन वापरलेल्या पट्ट्या, दोन हजार. दोन खाचांत सारख्या पट्ट्या घातल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी डेटा मिळतो, त्यामुळे सोळाच्या एका पट्टीपेक्षा ही जोडी बरी. तिसरा घाट प्रोसेसर. आय३ ला दोन कोअर. त्याच सॉकेटमध्ये बसणारा त्याच पिढीचा आय७-४७७० म्हणजे चार कोअर, आठ थ्रेड. लॅमिंग्टन रोडला वापरलेला ३,८०० रुपयांना मिळाला. त्याच्यासाठी नवा कूलर, ९००.

मग ग्राफिक कार्ड. मोह आरएक्स ५८० चा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक कार्डांवर इथेरियमचं मायनिंग करणं बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात स्वस्तात आली. आरएक्स ५८० त्यांत खूप. पण ते १८५ वॅट खातं आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागते. माझ्या कॅबिनेटमध्ये ती केबलच नव्हती. म्हणून जीटीएक्स १६५० घेतलं, वापरलेलं, सहा हजारांना. ते ७५ वॅटमध्ये, मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेऊन चालतं.

विंडोज टाकलं, गेम टाकला, या वेळी रीतसर विकत घेतलेला. रात्री आरत्या झाल्यावर सुरू केला. १०८० रिझोल्युशन, साठ फ्रेम. लॉस सँटोसच्या रस्त्यावर ऊन पडलं होतं. मला अकरा वर्षांपूर्वीच्या मला हाक मारावीशी वाटली.

दहाव्या मिनिटाला सगळं बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटं. बंद. तिसऱ्यांदा जळक्या वासाची एक झुळूक आली. मी कार्डाला शिव्या घातल्या, मायनिंगवालं गळ्यात मारलं म्हणून. मग प्रोसेसरवर संशय, मग रॅमवर. तापमान बघितलं, ठीक. यूट्यूब लावलं तर तासभर सुरळीत. गेम लावला की बंद.

बाबा मागे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "सपाटीला चालते आणि चढाला बंद पडते?"

"हो."

"मग इंजिन बघू नकोस. डिझेलची लाइन बघ."

मी एसएमपीएस बाहेर काढला. घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारी ती पेटी. कॅबिनेटबरोबर फुकट आलेली, म्हणून तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५०. खाली मुंगीएवढ्या अक्षरात तक्ता. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बारा व्होल्टच्या लाइनवर चालतात आणि त्या ओळीत लिहिलं होतं, १२ अँपिअर. बारा गुणिले बारा, १४४ वॅट. नव्या प्रोसेसरची गरज ८४, कार्डाची ७५. एकशे एकोणसाठ. पंखे अजून धरलेच नव्हते. चार वर्षं इंजिनिअरिंग, सहा वर्षं नोकरी, आणि हा गुणाकार मी केला नव्हता. तुम्ही जुन्या मशीनला ग्राफिक कार्ड लावणार असाल तर तो मोठा आकडा वाचू नका, बारा व्होल्टची ओळ वाचा. पहिले पैसे तिथे घाला.

"थांब, वॉरंटी असेल," म्हणत बाबांनी ती कागदपत्रांची पिशवी काढली. अकरा वर्षांनी वॉरंटी! मी हसणार होतो, पण त्यांनी बिल काढलं आणि बिलाला स्टेपल केलेली ती चिठ्ठी माझ्या हातात आली. ग्राफिक कार्ड २,९००, काट. त्याच्याखाली दुसऱ्या पेनाने, मी कधीच न वाचलेली ओळ : यूपीएस, २,१००.

"बजेटमध्ये बसत नव्हतं ना?" मी म्हणालो.

"बसत होतं. तू पाणी प्यायला गेलास तेव्हा दुकानदाराला विचारलं, ह्याचं कॉलेजात काय काम? तो म्हणाला, काका, कॉलेजात काय नाय, गेमला लागतं. मग मी म्हटलं, आमच्याकडे लाइट फार जाते, त्याला काय असेल तर दे."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? परतीला अख्खी रात्र शेजारी बसून काढायची होती."

ते उठून झोपायला गेले. मी उघड्या कॅबिनेटसमोर बसून राहिलो. लास्ट इयरला, प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री, पावसात तीनदा लाइट गेली होती. तीनही वेळा तो यूपीएस टूंटूं करत राहिला आणि मी शांतपणे फाइल सेव्ह केली. तो यूपीएस पुरात गेला. जड होता, त्याला कुणी वर नेला नाही. आणि मी सगळीकडे सांगत फिरलो की आमच्याकडे पैसे नव्हते. पैसे होते. माझं खोटं पकडलं गेलं होतं आणि त्या पैशांतून माझ्या अभ्यासाची सोय केली गेली होती. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली, त्यांना आता ही कशी सांगायची ते मला कळत नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

*

गौरी आल्या त्या दिवशी मुंबईहून चुलतभाऊ आला. त्याच्याकडून नवा एसएमपीएस मागवला होता, चांगल्यातला, २,९०० रुपयांचा. काट मारलेल्या ओळीएवढाच आकडा, हा निव्वळ योगायोग. सगळे मिळून खर्च १८,४०० झाला. नवं गेमिंग मशीन साठ हजारांच्या खाली बसलं नसतं. यूपीएस पुढच्या पगारात घेणार आहे.

त्या रात्री दोन तास गेम चालला, एकदाही बंद पडला नाही. मग मी गेममध्ये एक बस मिळवली. कशी मिळवली ते बाबांना सांगितलं नाही. त्यांच्यापुढे कीबोर्ड सरकवला. डब्ल्यू पुढे, एस ब्रेक, ए-डी स्टिअरिंग.

"उजवीकडून चालवतात हे," ते म्हणाले. दोन मिनिटांत त्यांना बसची लांबी समजली. वळणावर मागचं चाक फुटपाथला लागू न देता त्यांनी गाडी काढली. पुढे सिग्नल लाल होता. बाबांनी बस थांबवली.

या गेममध्ये सिग्नलला कुणी थांबत नाही. मी तरी कधी थांबलो नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"बाबा, जा तुम्ही. गेम आहे."

"वाजवू दे त्यांना," बाबा म्हणाले.