सायंकाळ घराची की मोबाइलची?

उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडी हे आपल्याच जिल्ह्यातील एक लहान गाव. २०२२ साली या गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी सहा वाजता भोंगा वाजेल आणि सहा ते आठ या वेळात घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद राहतील, असा तो निर्णय. त्याच वर्षी थोडे आधी सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी हा प्रयोग सुरू केला होता. तेथे सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे आणि साडेआठ वाजता दुसरा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांशी ग्रामपंचायतीने तर अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचाच ठराव केला.

वर्तमानपत्रांत या बातम्या आल्या तेव्हा पुष्कळांना हसू आले. "आता घरात बोलायलासुद्धा भोंगा लागतो का?" असे लोक म्हणत. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. भोंगा लागतो, ही वस्तुस्थिती आहे. ती आपल्या वस्तीत, आपल्या घरात आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जयंतीची वर्गणी, वर्षावासातील ग्रंथवाचनाचे निमंत्रण, कोणाच्या शिष्यवृत्तीचा कागद, अशा कामांसाठी आम्हाला सायंकाळी वस्तीत फिरावे लागते. पूर्वी दारात पाऊल ठेवले की आतून "जय भीम, या बसा" असा आवाज येई आणि एखादे पोर न सांगता पाण्याचा तांब्या घेऊन येई. आता आम्ही उंबऱ्यावर उभे राहतो. आत दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे बसलेली असतात. चौघांच्या तोंडावर चार मोबाइलचा उजेड असतो. जय भीम दोनदा म्हणावा लागतो, तेव्हा एकाची मान वर होते. आश्चर्य असे की त्याच घरातून रोज पहाटे शंभर जणांना जय भीमचे रंगीत चित्र पाठवले जाते. शंभर जणांना जय भीम पोहोचतो, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला पोहोचत नाही!

मोबाइल वाईट, तो फेकून द्या, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गरिबाच्या हातात आलेले प्रत्येक साधन मोलाचे असते. कळंब, भूम, वाशी, परंडा भागातील ऊसतोड करणारे आई-बाप पाच-सहा महिने कारखान्यावर असतात आणि लेकरू गावात आजीजवळ असते. त्या लेकराला रात्री आईचा चेहरा दिसतो तो मोबाइलमध्येच. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा मोबाइल हीच शाळा झाली. ज्या घरात तो नव्हता त्या घरातले पोर मागे पडले. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्ती, बँकेचे काम आज त्यावरच चालते. अन्याय झाला तर त्याचे चित्रण पुरावा म्हणून उभे राहते. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून झालेल्या वादात आपल्या एका तरुणाचा जीव गेला, हेही आपण विसरलेलो नाही. तेव्हा हे साधन आपल्यासाठी क्षुल्लक नाही. प्रश्न एवढाच की साधन आपण वापरतो की साधन आपल्याला वापरते?

२०१६ साली इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि मोबाइल गावोगावच्या वस्तीत पोहोचला. स्वस्त वस्तूची किंमत कोणीतरी मोजत असतोच. ती आपण आपल्या वेळाने मोजतो. एक छोटी चित्रफीत संपली की न मागता दुसरी येते. दुसरी संपली की तिसरी. आपण कशावर किती वेळ थांबलो याचा हिशोब यंत्र ठेवते आणि तसलेच आणखी पुढे करते. जितका वेळ आपण बघत राहू तितक्या जाहिराती दाखवता येतात आणि तितका कंपनीचा गल्ला भरतो. म्हणजे दिवसभर बांधकामावर नाहीतर शेतात राबून आलेला माणूस रात्री आणखी तीन तास बिनपगारी पाळी करतो!

येथे बाबासाहेबांची आठवण होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगाराचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून ते झटले. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. माणसाला फुरसत मिळाली तरच तो विचार करू शकतो, माणूस म्हणून जगू शकतो, अशी त्यांची धारणा होती. ही फुरसत आपल्याला कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. ती लढून मिळवलेली आहे. ती फुरसत आपण अंगठा वरखाली करण्यात घालवावी काय? आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे त्यांच्यापेक्षा आपले नुकसान मोठे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजीबाबा लहान भीमाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. जागा तेवढीच, माणसे तेवढीच, उजेड दिव्याचा. बापाने लेकराचे लक्ष जपले, म्हणून पुढचे सारे घडले.

आता यापेक्षाही जिव्हाळ्याची गोष्ट सांगतो. आपल्या समाजाचा इतिहास पुस्तकांत फार थोडा आला आहे. तो राहिला आहे माणसांच्या तोंडात. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. निजामाचे राज्य होते, फोन नव्हता, आणि तरीही माणसे जमली. त्या दिवसाच्या गोष्टी घराघरांत टिकल्या त्या सायंकाळच्या बोलण्यामुळे. बाया जात्यावर भीमाच्या ओव्या गात, त्या लेकींनी ऐकल्या म्हणून टिकल्या. १९५६ चे धम्मांतर, १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात पेटलेली घरे, १९७९ चा लाँग मार्च, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, हे सारे पाहिलेली माणसे आता थकली आहेत. ती सांगतील ते दुसरीकडे कोठे मिळणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात अशीच एक आजी होती. एका सायंकाळी आम्ही बसलो असता तिने नामांतराच्या दिवसांची गोष्ट काढली. घरातल्या माणसांनी रात्र उसात कशी काढली, कडेवरचे पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात कसा धरला, ती सांगत होती. नातू समोरच बसला होता. त्याच्या दोन्ही कानांत बोंडे होती आणि तो हसत होता. हसत होता ते मोबाइलमधल्या कशाला तरी. आजीने त्याच्याकडे पाहिले. तिला वाटले, पोर आपल्यालाच हसते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबा, झालं गेलं." पुढे काय झाले, ते उसातून केव्हा बाहेर आले, गावात परत आले तेव्हा काय शिल्लक होते, हे तिने सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी आजी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच नातवाने तिचे फोटो गाण्यासह मोबाइलवर लावले. शेकडो लोकांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवली. पोराचे आजीवर प्रेम नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तो त्या दिवशी ढसाढसा रडला. पण गोष्टीचा शेवट आता त्यालाही ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही.

बोलणे थांबले की नातेही वाळते. नवरा-बायकोत पूर्वी भांडणे होत, पण भांडणातही दोघे एकमेकांकडे पाहत असत. आता एक जण बोलतो आणि दुसरा "हूं" म्हणतो. त्यातून गैरसमज, संशय, एकमेकांचे मोबाइल चोरून तपासणे सुरू होते. कित्येक घरांत रमीच्या खेळाने हप्त्यांचे पैसे गेले. शेजाऱ्याला कळू नये अशा बेताने घरातल्या घरात जुगाराचा अड्डा चालला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगले झाले. पण कायदा घराच्या दारापर्यंत येतो. आतले आपल्यालाच पाहावे लागते.

यावर धम्म काय सांगतो? आपण दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. पाचवे शील मद्याचे आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या शिलात मद्य टाळण्याचे कारणही सांगितले आहे, ते आहे प्रमाद. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. जे जे भान घालवते ते ते या शिलाच्या कक्षेत येते, असे आम्ही समजतो. बाटली घरात नाही म्हणून शील पाळले, असे समाधान मानणाऱ्याने रात्री एक वाजता आपल्या हातात काय आहे ते पाहावे. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती म्हणजे आपण काय करतो आहोत याची जाण. मोबाइलमध्ये बुडालेल्या माणसाला जेवताना घास कशाचा घेतला हेही कळत नाही. मग सम्यक स्मृती कोठून येणार?

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा वाटा त्यात सांगितल्या आहेत. मद्यपान, अवेळी भटकणे, नाच-तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. अडीच हजार वर्षांपूर्वी या सहा वाटांनी जायला घराबाहेर पडावे लागे. आज पाच वाटा अंथरुणात पडल्या पडल्या सापडतात! त्याच सुत्तात सहा दिशांची खरी पूजाही सांगितली आहे. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारे आणि वरची म्हणजे श्रमण. तोंड या दिशांकडे वळवावे लागते. मान खाली घालून बसलेल्याला एकही दिशा दिसत नाही.

एक धोका मात्र येथे सांगितलाच पाहिजे. मोबाइलला आवर घालायचा म्हटले की कित्येक घरांत पहिला मोबाइल मुलीचा काढून घेतला जातो. दुसरा नंबर सुनेचा. मुलगा आणि बाप मोकळे! याला शिस्त म्हणता येणार नाही. ही मनुस्मृतीच मागच्या दाराने घरात आली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ती जाळली, ती आपण घरात परत पेटीत जपून ठेवायची काय? नियम करायचा तर तो सर्वांना सारखा आणि सुरुवात बापापासून. बाप मोबाइल ठेवत नाही तोवर त्याला लेकराला सांगण्याचा अधिकार नाही.

मग करायचे काय? आम्हाला सुचते ते साधे आहे. सायंकाळी एक तास ठरवावा. घरातले सगळे मोबाइल एका डब्यात किंवा फळीवर ठेवावेत. ज्यांचे माणूस दूर कामाला आहे त्यांनी फक्त फोनची घंटा चालू ठेवावी. प्रथम त्रिसरण-पंचशील, पाच मिनिटे श्वासावर लक्ष, मग मुलांचा अभ्यास आणि शेवटी एकत्र जेवण. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे दोन पानांचे वाचन घरातल्या शिकत्या मुला-मुलीने करावे. वृद्धांनी ऐकावे आणि पोराचे अडले तेथे सांगावे. पौर्णिमेला उपोसथ पाळणारे अष्टशील घेतात. त्यात नाच, गाणी, खेळतमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहेच. त्या दिवशी मोबाइलचाही उपवास जोडावा. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यना शिबिराला जाणारा माणूस दहा दिवस मोबाइल जमा करून राहतो आणि त्याचे काही बिघडत नाही. आपल्याला महिन्यातून एक दिवस जमणार नाही काय?

आणखी एक. मोबाइल फळीवर ठेवायचा त्या तासात आठवड्यातून एकदा तो खाली काढावा आणि आजोबा-आजींपुढे ठेवावा. आवाज नोंदवण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. नातवाने विचारावे, "आजी, तुम्ही उसात रात्र काढली, मग पुढं काय झालं?" आणि आजीने शेवटपर्यंत सांगावे. मध्ये कोणी उठू नये. यंत्राला कामाला लावण्याचा यापेक्षा चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना त्या आवाजाची किंमत कळेल.

जकेकूरवाडीच्या लोकांनी भोंगा वाजवला. आपल्या प्रत्येक वस्तीत भोंगा बसवण्याची गरज नाही. विहारात सायंकाळची वंदना होतेच. ती ऐकू आली की घरातले मोबाइल खाली जावेत, एवढे ठरले तरी पुरे. भगवंतांनी स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले आहे. हातातल्या काचेचा उजेड तोंडावर पडतो, आत पडत नाही. आतला दिवा ज्याचा त्यानेच लावायचा असतो.

वाचक बंधू-भगिनींनी येत्या पौर्णिमेपासून आपल्या घरी हा प्रयोग करून पाहावा, एवढी नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!