रोजा आणि डोळ्यातला थेंब

गेल्या रमजानमध्ये अम्मीने डोळ्यात औषध घालणे बंद केले होते, हे आम्हाला ईदनंतर कळले. थेंब घातला की घशात कडू चव उतरते, मग रोजा कसा राहील, ही तिची शंका. दुपारचा थेंब सुटला, मग सेहरीच्या गडबडीत सकाळचाही. "तीस दिन की तो बात है, बेटा," ती म्हणाली.

तिला मधुमेह जुना, उजव्या डोळ्यात काचबिंदू. एक ऑपरेशन होऊनही दाब आटोक्यात राहत नव्हता. ईदच्या तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक, डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या. दाब निघाला ४६. साधारणपणे तो १० ते २१ असतो.

डॉक्टरांनी लेसर सुचवले. मला वाटले, चष्मा घालवण्याचे ते. त्यांनी कागदावर चित्र काढले. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून बाहेर जाते. जाळी तुंबली की दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी नस सुकते. औषधाने, ऑपरेशनने निचरा होत नसेल तर पाणी तयार करणारा भागच लेसरने थोडा भाजतात. म्हणजे गटार तुंबले म्हणून नळ बारीक करायचा. सोलापूरकराला हे लगेच समजते!

डोळ्याशेजारी भुलीचे इंजेक्शन दिले, पेनसारखी नळी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवून लेसर दिले. चिरा नाही, टाका नाही. महिन्याने दाब १९ वर आला, दुखणे थांबले. पण गेलेली नजर आली नाही. त्या डोळ्याला आता फक्त हात हललेला कळतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते. लेसर पुन्हाही करावे लागू शकते आणि थेंब चालूच आहेत.

नंतर मी मौलानांना विचारले. ते म्हणाले, "डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव आली तरी नाही." डॉक्टरांनीही युक्ती सांगितली: थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरा, औषध घशात कमी उतरते.

दोन प्रश्न, पाच मिनिटांची उत्तरे. वर्गात मुलांना रोज सांगतो, शंका आली की विचारा. घरात अम्मीची शंका मात्र मीच कधी विचारली नाही.

काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून आम्ही भावंडांनी डोळ्यांचा दाब तपासून घेतला. तुमच्याही घरी कुणाचे थेंब चालू असतील, तर रमजानचा चाँद दिसण्याआधी त्यांच्याशी बोला.