घोड्याचा कुत्रा होऊ नये म्हणून!

मुलांनो, बँकॉकला कधी गेलात, तर सकाळी आठ वाजता एखाद्या बागेत जा. राष्ट्रगीत सुरू होतं आणि फिरणारी माणसं जागच्या जागी उभी राहतात. शब्द थाई, चाल मात्र पाश्चात्त्य वळणाची! ती १९३२ साली बांधली फ्रा चेनदुरियांग यांनी. त्यांचे वडील जर्मन वंशाचे, आई तिथलीच.

तिथले गायक पियानोच्या साथीनं थाई कविताही गातात. पण ते सोपं नाही बरं का! थाई भाषेत आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलतो. ‘मा’ सपाट म्हटलं तर ‘ये’, उंच म्हटलं तर ‘घोडा’ आणि खालून वर नेलं तर ‘कुत्रा’! शिवाय पियानोच्या सप्तकात १२ स्वर, तर थाई वाद्यांवर जवळपास सारख्या अंतराचे ७. म्हणजे सूर पियानोचा धरायचा, पण घोड्याचा कुत्रा होऊ द्यायचा नाही!

जुन्या थाई गायकीत यावर छान युक्ती आहे. शब्द स्पष्ट म्हणायचा आणि मग नुसत्या आवाजाची लकेर घ्यायची, आपल्या आलापासारखी. दुसऱ्याचा सूर जरूर घ्यावा, पण आपला शब्द सांभाळून.

आता ‘मा’ तीन तऱ्हांनी म्हणा पाहू! घोडा आला की कुत्रा?